क्रोनो चालू केला की जुनं रेसिंग घड्याळ बंद पडतं? स्क्रूड्रायव्हर उचलायच्या आधी हे बघा

नमनाला घडाभर तेल नको, तसंही या दुखण्यात निम्मी भानगड तेलाचीच आहे, त्यामुळे थेट लक्षणांवर येतो.

घड्याळ साठ-सत्तरच्या दशकातलं, चावीचं, दोन किंवा तीन छोट्या डायलचं, कडेला टॅकीमीटर, म्हणजे वेग काढायची आकड्यांची पट्टी. केसच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, कडा अजून धारदार, डायलवर डाग नाही, बघणाऱ्याला वाटावं कालच डब्यातून काढलंय. नुसतं वेळ बघायला घातलं तर दिवसभर व्यवस्थित चालतं. वरचं बटण दाबून क्रोनो, म्हणजे घड्याळातलं स्टॉपवॉच, चालू केला की पाच-दहा मिनिटांत, कधी पहिल्याच मिनिटाला, अख्खं घड्याळ थांबतं. क्रोनो बंद केला की आपोआप किंवा जरा हलवल्यावर परत टिकटिक सुरू. काहींचं थांबत नाही पण क्रोनो चालू ठेवला तर संध्याकाळपर्यंत दहा मिनिटं मागे पडतं. काहींचं बरोब्बर ५८ ते ६० सेकंदाच्या मध्ये मान टाकतं, दर वेळी तिथेच. आणि काहींचा मोठा सेकंद काटा सुरू होताना एकदम पुढे उडी मारतो नाहीतर थरथरत चालतो.

यातलं तुमचं नक्की कुठलं ते आधी कागदावर लिहून ठेवा. खरंच लिहा, कारण "कधीकधी बंद पडतं" एवढंच सांगून कोणालाच काही कळत नाही, आणि ५८ सेकंदाला बंद पडणारं आणि दहा मिनिटांनी बंद पडणारं ही दोन वेगळी दुखणी आहेत.

मी काही धंदेवाईक घड्याळवाला नाही, हौस म्हणून टेबल मांडून बसलोय, पण हाच दोष माझ्या स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून आठ-नऊ घड्याळांत निस्तरलाय आणि त्यातल्या फक्त दोनांत खरा दोष क्रोनोच्या भागांत निघाला. बाकी सगळीकडे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. क्रोनो चालू केल्यावर बंद पडतं म्हणून माणूस क्रोनोचे स्क्रू पिळायला जातो आणि दुखणं असतं खाली, मूळ मशीनमध्ये. क्रोनो फक्त ते उघड करतो.

असं का होतं ते दोन मिनिटं समजून घ्या म्हणजे पुढचा क्रम पटेल. कमानीत, म्हणजे चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगमध्ये, भरलेली ताकद एकेक चाक ओलांडत चौथ्या चाकापर्यंत, म्हणजे सेकंदाच्या चाकापर्यंत येते. तिथे येईपर्यंत वेग वाढलेला असतो आणि ताकद चिमूटभर उरलेली असते. त्या काळच्या बहुतेक क्रोनोंमध्ये क्रोनोची चाकं नेमकी या चौथ्या चाकावरूनच चालतात. बटण दाबलं की एक जोडचाक सरकतं आणि बारीक दातांनी मधल्या क्रोनो चाकात अडकतं. आता त्या चिमूटभर ताकदीतून क्रोनोचं चाक, त्याला दाबून धरणारी छोटी घर्षण स्प्रिंग, लांबलचक काटा आणि दर मिनिटाला मिनिट काउंटर ढकलायचं काम, एवढं सगळं जायचं आणि जे उरेल ते बॅलन्सला, म्हणजे झोके घेत टिकटिक सांभाळणाऱ्या चाकाला, मिळायचं. मशीन तंदुरुस्त असेल तर हे ओझं जाणवतही नाही. तेल वाळलेलं असेल तर रोजचं चालणंच कसंबसं चाललेलं असतं आणि त्यात हे वरचं ओझं आलं की संपलं.

आणि इथेच "छान जपलेलं घड्याळ" या शब्दावर माझा आक्षेप आहे. छान जपलेलं म्हणजे बहुतेक वेळा कपाटात तीस वर्षं पडलेलं. घातलं नाही म्हणून ओरखडे नाहीत, पण आतलं तेल काही घालण्या-न घालण्यावर थांबत नाही, ते पसरतं, घट्ट होतं, शेवटी डिंकासारखं होतं. वरून कीर्तन आतून तमाशा. उलट रोज घातलेलं, ओरखडलेलं पण अधूनमधून सर्व्हिसिंग झालेलं घड्याळ क्रोनो चालू ठेवून दिवस काढतं.

आता तपासण्या. सोप्यापासून अवघडाकडे, फुकटापासून खर्चिकाकडे, आणि क्रम मोडू नका.

सगळ्यात आधी, हा दोष आहे तरी का ते बघा. हसू नका, दोनदा माझ्याकडे अशी घड्याळं आलीयेत ज्यांत काही बिघडलेलंच नव्हतं. लँडेरॉन ४८ या जातीच्या मशीनमध्ये वरचं बटण फक्त चालू करतं, थांबवायचं खालच्या बटणाने आणि शून्यावर आणायचंही खालच्याच बटणाने, परत दाबून. नेहमीच्या पद्धतीत वरचं बटण चालू-बंद आणि खालचं शून्य. ज्याला हे माहीत नाही तो वरचं बटण दाबदाबून म्हणतो क्रोनो बंदच होत नाही. दुसरं, डाव्या बाजूच्या छोट्या डायलमधला सततचा सेकंद काटा बघून काही जण म्हणतात "क्रोनो बंद केला तरी एक काटा फिरतोय". तो फिरायलाच हवा, ते घड्याळाचं हृदय चालू असल्याचं चिन्ह आहे. आणि तुमचं घड्याळ १९६९ नंतरचं सेको ६१३९ जातीचं ऑटोमॅटिक असेल तर वेगळा विषय, त्यात जोडणी उभी आहे, बाजूने दात अडकत नाहीत, क्रोनो चालू ठेवल्याने फारसा फरक पडत नाही आणि वेगळा सेकंद काटा नसल्यामुळे लोक क्रोनो मुद्दाम चालूच ठेवतात. त्याला हाताने चावीही बसत नाही, हलवूनच भरावं लागतं, म्हणून ते "चावी देऊन बघा" वाले सल्ले त्याला लागू नाहीत.

मग चावी. पूर्ण द्या. जुन्या घड्याळाला "जास्त चावी दिली तर कमान तुटेल" ही भीती इतकी पक्की बसलीये की लोक दहा-बारा वेढे देऊन थांबतात आणि अर्ध्या पोटी घड्याळाकडून शर्यत पळायची अपेक्षा करतात. चावीच्या घड्याळाला स्पष्ट अडेपर्यंत चावी द्यायची, अडलं की थांबायचं, त्यापुढे जोर करायचा नाही, बस. रोज सकाळी एकाच वेळी द्या.

आता साधी दोन दिवसांची परीक्षा घ्या. पहिल्या दिवशी पूर्ण चावी, क्रोनो बंद, डायल वर करून टेबलावर ठेवा आणि किती तास चालतं ते लिहा. दुसऱ्या दिवशी परत पूर्ण चावी, लगेच क्रोनो चालू, तास-दीड तास नजर ठेवा. पहिल्या दिवशी क्रोनो न लावताच घड्याळ ३० तासांच्या आत बंद पडलं तर पुढचं काही वाचायची गरज नाही, मशीन किंवा कमान थकलीये, क्रोनोचा काही संबंध नाही, सरळ सर्व्हिसिंगला द्या. पहिल्या दिवशी ४० तास चाललं आणि दुसऱ्या दिवशी क्रोनोने दहा मिनिटांत मारलं तर पुढे वाचा. सकाळी भरल्या पोटी क्रोनो तासभर चालतो पण रात्री बंद पडतो, हेही मूळ ताकद कमी असल्याचंच लक्षण. आणि चोवीस तास उलटून गेलेल्या, चावी न दिलेल्या घड्याळात क्रोनो लावून "बंद पडलं" म्हणणं हा त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे.

बाजूला एक सांगतो, ही रेसिंग घड्याळं क्रोनो दिवसभर चालू ठेवायला कुणी बनवली नव्हती. लॅप मोजायचा, दीड-दोन मिनिटं, थांबवायचं, बघायचं, शून्य. टॅकीमीटरचा हिशोब तर एक किलोमीटरचाच असतो, ३६०० भागिले लागलेले सेकंद, ३० सेकंद लागले तर ताशी १२०, आणि मिनिटापेक्षा जास्त लागलं तर बऱ्याच डायलवर आकडेच संपतात. हॉयर कंपनीच्या, १९६३ ला आलेल्या कॅरेरा या क्रोनो घड्याळाचं नाव ज्या मेक्सिकोतल्या कॅरेरा पानामेरिकाना शर्यतीवरून ठेवलं ती मूळ शर्यत १९५० ते ५४ अशी पाच वर्षंच झाली पण एकेक शर्यत काही दिवस चालायची, आणि लांबच्या शर्यती आणि रॅली आल्या म्हणून तर १२ तासांचा तिसरा काउंटर कामाला यायचा. तात्पर्य, तुमचं घड्याळ क्रोनोसकट एक तास नीट चाललं तर ते त्याचं काम करतंय. "मी क्रोनो कायम चालू ठेवतो, काटा फिरताना छान दिसतो" हे ज्यांचं आहे त्यांनी झीज पण सोसावी.

पुढची तपासणी माझी सगळ्यात आवडती कारण तिला भिंग आणि मोबाइल सोडून काही लागत नाही. घड्याळ बंद पडलं की हात न लावता फोटो काढा. हलवायचं नाही, काही नाही, आधी फोटो. असे पाच-सहा फोटो जमले की शेजारी ठेवून बघा. काटे दर वेळी वेगवेगळ्या जागी असतील तर ताकदीचा प्रश्न. पण दर वेळी मिनिट काटा छोट्या डायलच्या काट्यावरून जातानाच बंद पडत असेल, तर एक काटा दुसऱ्याला घासतोय. दर वेळी मोठा सेकंद काटा एकाच आकड्यावर असेल तर एकतर तो काचेला किंवा मिनिट काट्याला तिथे टेकतोय, नाहीतर क्रोनो चाकाचा एखादा दात खराब आहे.

माझ्या स्वतःच्या घड्याळात हेच होतं आणि मी तीन महिने वेड्यासारखा आत शोधत होतो. तीन डायलचं, पांढऱ्या डायलवर काळे काउंटर, फार लाडकं. जुनी प्लास्टिकची काच चिरलेली म्हणून नवी बसवून घेतली होती आणि त्यानंतर काही आठवड्यांनी क्रोनो ३८ ते ४१ सेकंदाच्या मध्ये अडकायला लागला. मी म्हटलं तेल, मग म्हटलं घर्षण स्प्रिंग. शेवटी एका रात्री टेबल लॅम्पखाली घड्याळ डोळ्याच्या रेषेत आडवं धरलं, भिंगातून कडेने बघितलं, क्रोनो चालू केला, तर काट्याचं टोक काचेच्या आतल्या बाजूला एक बारीक चंद्रकोरीसारखी रेघ ओढत होतं. केसासारखी रेघ, ३८ ला सुरू आणि ४१ ला संपलेली. नवी काच जुन्यापेक्षा किंचित सपाट होती आणि एका बाजूला जरा जास्त खाली बसली होती. काच बदलली, दुखणं गेलं. तीन महिने!

याची एक खूण लक्षात ठेवा. घड्याळ डायल खाली करून ठेवलं की आतली चाकं आपल्या खेळाएवढी काचेकडे सरकतात, काटेही सरकतात. म्हणून डायल वर असताना चालतं आणि डायल खाली केल्यावरच बंद पडतं, असं असेल तर आधी काचेवर संशय घ्या. सगळ्या स्थितींत बघा, डायल वर, डायल खाली, चावी खाली, चावी वर. एकाच स्थितीत रडत असेल तर काटे घासणं किंवा बॅलन्सच्या टोकाची झीज. सगळीकडे सारखंच रडत असेल तर परत तेल आणि ताकद. काटा घासतोय हे दिसलं तरी तो स्वतः वाकवायला जाऊ नका, का ते पुढे सांगतो.

पुशर, म्हणजे क्रोनोची बटणं. बटण दाबल्यावर स्पष्ट 'टक' लागायला हवी आणि बोट उचलल्यावर बटण झटकन बाहेर यायला हवं. हळू येत असेल, चिकट वाटत असेल, तर आत वर्षानुवर्षांचा मळ, घाम आणि वाळलेलं सील आहे आणि बटण किंचित आत राहिलं की आतला लीव्हरही किंचित दाबलेला राहतो. खालचं बटण असं अडकलं तर शून्यावर आणणारी हातोडी पूर्ण मागे जात नाही, क्रोनो चाकाला घासते आणि घड्याळ ब्रेक दाबून गाडी चालवल्यासारखं चालतं. बाहेरून लाकडी काडीने कडेचा मळ काढा, एवढंच. गंजावर मारायचा स्प्रे मारू नका, मारू नका, मारू नका. तो केसमध्ये झिरपतो, डायलवर पसरतो आणि जपलेल्या डायलवर तेलाचा नकाशा उमटला की तो जन्मभराचा. तेवढ्याने सुधारलं नाही तर पुशर काढून साफ करावे लागतात, ते काम कारागिराचं.

आणि क्रोनो चालू असताना खालचं बटण दाबून शून्य करायची सवय असेल तर आजपासून सोडा. काही मशीन ते करू देत नाहीत, काही देतात आणि आतून मार खातात. फ्लायबॅक, म्हणजे चालू असतानाच शून्य होऊन लगेच परत धावणारा क्रोनो, असेल तरच ते चालतं.

चुंबकाचं पटकन उरकतो. मोबाइलमधला होकायंत्र उघडा, घड्याळ जवळ न्या, सुई जोरात फिरली तर चुंबकत्व आहे. त्याने सहसा घड्याळ बंद पडत नाही, पुढे पळतं, पण पुढच्या मोजमापांचा घोळ होतो म्हणून आधीच काढून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

आता टाइमग्राफर. मायक्रोफोनवर घड्याळ ठेवायचं आणि ते टिकटिक ऐकून दर (दिवसाला किती पुढे-मागे), बीट एरर (टिक आणि टॉकमधल्या वेळेचा फरक) आणि अँप्लिट्यूड सांगतं. मोबाइलचं अॅपही दर बऱ्यापैकी सांगतं, पण अँप्लिट्यूडच्या बाबतीत माझा त्याच्यावर भरवसा नाही, कोणाकडे खरं यंत्र असेल तर दहा मिनिटं मागून घ्या. आपल्याला अँप्लिट्यूडच हवाय, म्हणजे बॅलन्स मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश झोका घेतो. लिफ्ट अँगलचा, म्हणजे दर टिकेला बॅलन्सला जेवढ्या अंशांत धक्का मिळतो त्या कोनाचा, आकडा तुमच्या मशीनचा घाला, सगळ्यांना ५२ ठेवून मोजू नका, आकडा चुकेल.

पूर्ण चावी, डायल वर, क्रोनो बंद, या स्थितीत चांगल्या जुन्या मशीनने २७० च्या आसपास किंवा वर दाखवायला हवं. २५० ला मी कुरकुरत चालवून घेतो. क्रोनो चालू केल्यावर २०-३० अंश कमी होणं हे अगदी नॉर्मल आहे, ते बघून घाबरायचं नाही. आता दोन आकडे शेजारी ठेवा. क्रोनो बंद असताना २८० आणि चालू केल्यावर २१० झालं, तर क्रोनोच काहीतरी जास्त खातोय, दोष वर आहे. पण क्रोनो बंद असतानाच २०० आणि चालू केल्यावर १७०, म्हणजे घट फक्त ३० ची, तर क्रोनो निर्दोष आहे, मूळ मशीनच उपाशी आहे. दहातल्या आठ वेळा मला हा दुसरा प्रकार सापडतो. या दोन आकड्यांशिवाय जो कोणी "क्रोनो ॲडजस्ट करावा लागेल" म्हणतो त्याच्याकडून घड्याळ परत घ्या.

क्रोनो लावून पूर्ण एक मिनिट आकडा बघत बसा. ५७-५८ सेकंदाच्या सुमारास अँप्लिट्यूड खाली येतो आणि साठनंतर परत वर येतो, हे दिसेल, कारण तेव्हा क्रोनो चाकावरचं बोट मिनिट काउंटरचं चाक ढकलत असतं आणि त्या चाकाला धरून ठेवणारी जंपर स्प्रिंग आडवी येते. किंचित खाली येणं ठीक. धाडकन कोसळत असेल तर तुमचं दुखणं तिथे आहे, बोट जास्त खोल जातंय किंवा जंपर जास्त कडक आहे. तीन डायलच्या व्हाल्जू ७२ सारख्या मशीनमध्ये तासांचा काउंटर मात्र थेट कमानीच्या डब्यावरून चालतो, तिथे ताकदीला तोटा नसतो, म्हणून तासाचा काउंटर हे बंद पडण्याचं कारण सहसा नसतं. त्याचं दुखणं वेगळं, क्रोनो बंद असतानाही काटा हळूहळू पुढे सरकत राहतो, म्हणजे त्याचा ब्रेक नीट धरत नाहीये. तो डायलखालचा मामला आहे.

इथपर्यंत मागचं झाकण उघडलेलं नाही हे लक्षात घ्या. बहुतेकांनी इथेच थांबावं आणि कागदावरची टिपणं घेऊन कारागिराकडे जावं.

ज्यांच्याकडे योग्य हत्यार आहे आणि हात स्थिर आहे त्यांनी झाकण उघडून फक्त बघायला हरकत नाही. बोटांना रबरी टोप्या घाला. भिंगातून काय बघायचं? एक, गंज. लालसर-तपकिरी ठिपका कुठल्याही स्टीलच्या भागावर दिसला की झाकण लावा आणि निघा. दोन, तेल. रत्नांच्या, म्हणजे चाकांची टोकं ज्यात फिरतात त्या खड्यांच्या, वाटीत तेलाचा स्वच्छ थेंब दिसायला हवा, तिथे कोरडं कडं किंवा तपकिरी डिंक दिसला तर उत्तर मिळालं. तीन, क्रोनो चाकांच्या बारीक दातांवर चकाकी. त्या दातांना तेल कधीच लावायचं नसतं, कधीच नाही, लावलं तर ते धूळ धरून पेस्ट बनतं आणि जोडचाकाला ओढतं. एका घड्याळात कोणीतरी आधी "सर्व्हिसिंग" करून दिलं होतं आणि सगळ्या दातांना मारुतीला घालावं तसं तेल घातलं होतं, नुसतं धुऊन कोरडं बसवल्यावर ४५ अंशांची घट २५ वर आली. चार, क्रोनो बंद असताना जोडचाक आणि क्रोनो चाकात स्पष्ट फट दिसते का. चालू असताना दात एकमेकांत अगदी तळापर्यंत घुसलेले नसावेत, थोडी मोकळीक हवी, तळाला टेकले की करकचून अडतात. खूप वर राहिले तर घसरतात आणि काटा उड्या मारतो.

ही खोली ठरवणारे स्क्रू म्हणजे एक्सेंट्रिक. दिसायला साध्या स्क्रूसारखे, पण डोकं मधोमध नसतं, फिरवलं की लीव्हर सरकतो. हे फिरवू नका. माझ्या पहिल्या घड्याळात मी "जरासा" फिरवून बघितला, फरक पडला नाही म्हणून दुसरा फिरवला, मग पहिला परत आणला असं मला वाटलं, आणि तासाभरात ना काटा शून्यावर येत होता ना मिनिट उडत होतं. एकही खूण केली नव्हती. आगीतून फुफाट्यात. ज्या कारागिराने ते सरळ केलं त्याला चारही एक्सेंट्रिक पहिल्यापासून लावावे लागले आणि तो काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि गंमत म्हणजे मुळात दोष कमानीचा होता.

एक्सेंट्रिक हे सर्व्हिसिंगनंतर शेवटी बघायचं, आधी नाही. मशीन पूर्ण उघडून धुऊन, नवी कमान घालून, तेल देऊन, क्रोनोचे भाग न बसवता आधी अँप्लिट्यूड मोजायचा. तो २८० आला की मग क्रोनो चढवायचा आणि परत मोजायचा. आता घट जास्त आली तर घर्षण स्प्रिंगचा दाब बघायचा, ती फार कडक असेल तर घड्याळ दमतं, फार सैल असेल तर काटा थरथरतो, मधली जागा शोधायला संयम लागतो. त्यानंतर वेळ आलीच तर एक्सेंट्रिक, खूण करून, केसभर.

आता कुठे थांबायचं ते स्पष्ट. गंज दिसला, थांबा. बॅलन्स एखाद्या स्थितीत डगमगताना दिसला, थांबा. पुशर अडकलाय आणि काडीने सुटत नाही, थांबा. काटे काढायची वेळ आली, थांबा, आणि याचं कारण नुसतं काटा तुटेल एवढंच नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या बऱ्याच घड्याळांत काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियमचा रंग आहे. तो आता अंधारात चमकत नाही म्हणून निरुपद्रवी आहे असं समजू नका, चमक रंगातल्या दुसऱ्या पदार्थाची मेलेली असते, रेडियमचं अर्धआयुष्य १६०० वर्षांचं आहे. तो रंग जुना होऊन ठिसूळ झालेला असतो, काटा वाकवताना त्याची भुकटी उडते आणि ती श्वासात जाणं हाच खरा धोका. डायलच्या तळाशी स्विसच्या दोन्ही बाजूंना टी अक्षर असेल तर ट्रिटियम, ते त्यामानाने सौम्य. पण खात्री नसेल तर काच उघडूच नका.

शून्यावर काटा दोन-तीन सेकंद पुढेमागे येतो, हेही याच खात्यातलं. आत हृदयाच्या आकाराची कॅम असते, हातोडी तिच्यावर आपटली की ती फिरून एकाच जागी येते, म्हणजे दर वेळी तेवढाच फरक असेल तर कॅम ठीक आहे, काटाच नळीवर सरकलाय आणि परत बसवावा लागेल. दर वेळी वेगळा फरक असेल तर हातोडी नाहीतर घर्षण स्प्रिंग. दोन्ही कारागिराची कामं, आणि काटा वारंवार काढून बसवला की नळी सैल होते म्हणून एकदाच, नीट बसवणाऱ्याकडेच द्या.

कारागीर निवडताना एकच प्रश्न विचारा: क्रोनो चालू आणि बंद, दोन्ही अँप्लिट्यूड लिहून देणार का? जो हो म्हणेल तो. देताना चार गोष्टी कागदावर लिहून द्या. केस पॉलिश करायची नाही. डायलला, काट्यांच्या रंगाला हात लावायचा नाही. जो भाग बदलाल तो जुना मला परत हवा, तुटका असला तरी. आणि भाग मिळाला नाही तर ओळखीचा दुसरा घासून बसवायच्या आधी मला विचारायचं, कारण ही मशीन आता बनत नाहीत आणि एक चुकीचा घासलेला लीव्हर पुढच्या माणसाला कायमचा गोंधळात टाकतो. तुमची फोटोंची आणि तासांची टिपणंही सोबत द्या, चांगला कारागीर ती वाचतो.

परत आल्यावर लगेच मनगटावर चढवू नका. पहिल्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाची तीच परीक्षा परत घ्या, शिवाय मोबाइलच्या स्टॉपवॉचसोबत क्रोनो एकदम चालू करून ३० मिनिटं ठेवा, मिनिट काउंटर दर वेळी साठच्या आसपासच उडतोय ना ते पहिली पाच मिनिटं डोळ्यांनी बघा. मग वीस वेळा चालू, बंद, शून्य. वीसही वेळा काटा रेघेवर आला पाहिजे. माझं ते पांढऱ्या डायलचं आता क्रोनो बंद असताना २८५ आणि चालू असताना २६२ दाखवतं, डायल खाली केलं की अजून पाच कमी. ती रेघ उमटलेली काच मात्र मी टाकली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलीये.